रिव्हॉल्व्हरच्या लायसन्सचं रिन्यूअल: ट्रेनिंग कधी उरकावं

फॉर्म ए-३, म्हणजे रिन्यूअलचा अर्ज, मुदत संपायच्या किमान साठ दिवस आधी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत पोचायला हवा. एवढं ग्वाल्हेरात पानवाल्यालाही ठाऊक असतं. गडबड होते ती त्या साठाव्या दिवसाकडे बघण्यात. ती अर्ज देण्याची शेवटची तारीख आहे, आणि माणसं तिला कामाची पहिली तारीख समजतात. मग एकाच आठवड्यात डॉक्टर, फोटो, फीचं चलन, झेरॉक्स आणि ट्रेनिंग असं सगळं अंगावर येतं. बाकीची कामं पळापळ करून होतात. ट्रेनिंग तसं होत नाही. चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान, मोकळी लागते, शिकवणारा हजर लागतो, हवा बरी लागते, आणि यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

माझी सगळी नोकरी एसएएफच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलाच्या, कोतमध्ये (शस्त्रागारात) गेली, आरमोरर म्हणून, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा. रिटायर झाल्यापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली ओळखीची माणसं लायसन्सचं पुस्तक घेऊन घरी येतात, कुणी बाड्यावरून, कुणी कंपूतून, आणि चपला काढता काढताच विचारतात, "काका, क्लास आधी करू की फॉर्म आधी भरू?"

क्लास आधी. मुदत संपायच्या चार महिने आधी क्लास झालेला असावा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं त्याच्याही आधी. नियमात हा क्रम कुठे लिहिलेला नाही. हा माझा क्रम आहे, आणि त्याला कारणं आहेत.

अट कुणाला लागू

२०१६ च्या आर्म्स रूल्सनी नव्या अर्जदाराला शस्त्र आणि दारूगोळ्याच्या सुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. त्याचं प्रमाणपत्र एस-१ नमुन्यात मिळतं. ज्यांनी त्यानंतर लायसन्स काढलं, त्यांच्या फाइलीत हा कागद असायलाच हवा. त्याआधीच्या जुन्या लायसन्सवाल्यांचं म्हणणं असतं की आम्ही वीस-वीस वर्षं हत्यार बाळगतोय, आम्हाला कसली शाळा? पण १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टचं कलम १५ वाचा. कलम १३ आणि १४ जशी नव्या लायसन्सला लागू, तशीच ती रिन्यूअललाही लागू आहेत. याचा अर्थ थान्याचा (पोलीस ठाण्याचा) रिपोर्ट पुन्हा मागवला जातो आणि नाकारायची कारणं पुन्हा तपासली जातात. तुमची फाइल साहेबांच्या टेबलावर नव्याने उघडते. त्यात एस-१ नसेल तर 'हा माणूस कुठे शिकला?' हा प्रश्न तिथे बसलेल्या कुणालाही पडू शकतो, आणि तो पडला की फाइल खाली ठेवली जाते.

म्हणून पहिलं काम: टेकडीवरच्या कलेक्ट्रेटमध्ये जाऊन शस्त्र शाखेतून रिन्यूअलच्या कागदांची यादी घ्या. तोंडी नको, लेखी घ्या. भिंतीवर लावलेली असेल तर मोबाइलवर तिचा फोटो काढा. दुसरं काम, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र कुणाचं चालतं ते तिथेच विचारा आणि मगच कुणाला फी द्या. मान्यता नसलेल्या हौशी कोचने सही केलेला कागद कितीही गुळगुळीत असला तरी फाइलीत त्याला किंमत नाही. आणखी एक तपासा. शहरातल्या बऱ्याच रेंज दहा मीटरच्या, छऱ्याच्या एअर पिस्टलच्या असतात. तिथे निशाणा छान शिकवतात, पण बत्तीस बोरच्या (बोर म्हणजे नळीचं माप) रिव्हॉल्व्हरचा धक्का, आवाज आणि धूर तिथे भेटत नाही. ज्या हत्याराचं लायसन्स, त्या जातीच्या हत्यारावर शिका.

यादी लेखी का घ्यायची याची आमच्या भागात मजेदार उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरसाहेबांनी शस्त्र लायसन्स मागणाऱ्यांना दहा झाडं लावून त्यांचे फोटो द्यायला सांगितलं होतं. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करणाऱ्यांना बंदुकीच्या लायसन्समध्ये प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. झाडांची कल्पना मला तरी आवडली. तर सांगायचं असं, की रूल्सचं पुस्तक पाठ असून भागत नाही. या वर्षी या कचेरीत काय मागतात, ते तिथे उभं राहूनच कळतं.

तारखा उलट्या मोजा

लायसन्सचं पुस्तक उघडा आणि मुदतीची तारीख बघा. ती आठवणीवर सोडू नका. १४ डिसेंबर २०१९ पासून लायसन्सची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, आणि जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून तीनचाच हिशेब फिरतो. नव्यांचा त्रास उलटा आहे. पाच वर्षं हा काळ इतका लांब असतो की तारीख पूर्ण विसरली जाते.

समजा मुदत १४ ऑगस्टला संपते. साठ दिवस मागे गेलात की येतो १५ जून, फॉर्म देण्याची शेवटची तारीख. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ग्वाल्हेरात काय हवा असते ते मी सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या आसपास, उघड्यावरच्या चांदमारीवर लोखंडाला हात लावता येत नाही, आणि घामाने मूठ निसटते. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई. मार्चमध्ये होळीचा बंदोबस्त. तेव्हा अशा तारखेवाल्याने फेब्रुवारी धरावा. हवा छान असते, सकाळचं धुकं सरलेलं असतं.

दुसरी तारीख घ्या, १० जानेवारी. साठ दिवस मागे म्हणजे ११ नोव्हेंबर. वरवर ही सोयीची वाटते, पण तिच्या अलीकडे गणपती, नवरात्र, दसरा आणि दिवाळी रांगेने उभे असतात. पोलीस बंदोबस्तावर गेले की चांदमारीच्या तारखा पुढे सरकतात, आणि एकदा सरकलेली तारीख पुढच्याच आठवड्यात मिळेल असं नाही. इथे ट्रेनिंग ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप साधून, उरकावं.

आपल्या मराठी घरांत खंडेनवमीला शस्त्र पूजेला काढतातच. पूजा मांडण्याआधी ते खाली, म्हणजे रिकामं, करायचं, दोनदा बघायचं, आणि लायसन्सचं पुस्तकही शेजारी ठेवायचं. त्या दिवशी पुस्तकातली तारीख घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचावी. पुढच्या खंडेनवमीच्या आत किंवा त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत मुदत संपत असेल, तर ट्रेनिंगचा महिना त्याच दिवशी ठरवून टाका. जानेवारीत मुदत असलेल्याने त्याच वर्षीच्या खंडेनवमीपर्यंत वाट बघितली, तर क्लासची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

निवडणुका हा वेगळा भाग. आचारसंहिता लागली की लायसन्सी शस्त्रं थान्यात किंवा दुकानात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२३ च्या नोव्हेंबरात विधानसभा आणि २०२४ च्या मे महिन्यात लोकसभा, असं सहा महिन्यांत दोनदा झालं. हत्यार थान्याच्या मालखान्यात आणि मुदत डोक्यावर, अशी पुष्कळांची गत होती. शिकवणाऱ्याच्या हत्यारावर क्लास होऊ शकतो, नाही असं नाही. पण थान्याचा रिपोर्ट, कचेरीतला बाबू, चांदमारीवरचा हवालदार, सगळेच निवडणुकीच्या ड्युटीवर असतात. नगरपालिकांची मुदत २०२७ मध्ये आणि विधानसभेची २०२८ अखेर संपते. तुमची तारीख त्या आसपास येत असेल तर चार महिन्यांऐवजी सहा महिने धरा.

आधी डोळे

याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण हे कुणी सांगत नाही.

रिव्हॉल्व्हर झाडताना नजर पुढच्या साइटवर लागते, जिला आमच्याकडे मक्खी म्हणतात. ती असते हात लांब केल्यावर मनगटाच्या थोडी पुढे. टार्गेट किंचित पुसट दिसलं तरी चालतं, पण मक्खी स्वच्छ दिसली पाहिजे. चाळिशी उलटली की नेमकं हेच अंतर दगा देतं. लांबचा चष्मा लावला तर मक्खी धुरकट, वाचायचा लावला तर टार्गेट गायब. बायफोकलवाले तर मान मागे टाकून खालच्या काचेतून बघायला जातात. मान मागे गेली की खांदे उचलतात, आणि गोळी टार्गेटच्या वरून निघून जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं यांना निशाणा येत नाही. निशाणा येत असतो, चष्मा चुकीचा असतो.

म्हणून क्लासच्या महिनाभर आधी डोळे तपासून घ्या, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मला हाताच्या लांबीवर स्वच्छ दिसायला हवं. दोन फुटांपेक्षा जरा जास्त, असं अंतर टेपने मोजूनच सांगा. ते वेगळ्या नंबरची काच लिहून देतील. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन आधी आणि क्लास नंतर. चार महिन्यांची सवड यासाठीही हवी.

रिन्यूअलला शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं. ते मात्र फॉर्मच्या जवळच्या दिवसांत घ्या, फार आधी घेऊन शिळं करू नका. कुठल्या डॉक्टरची सही चालते, तेही त्या यादीत विचारून ठेवलेलं बरं. बी.पी., साखर यांच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या असतील तर नक्की सांगा. लपवून मिळालेलं प्रमाणपत्र पुढे तुमच्याच गळ्यात येतं.

हाताचंही बघा. रिव्हॉल्व्हर डबल अ‍ॅक्शनमध्ये चालवताना, म्हणजे घोडा हाताने न ओढता नुसता चाप दाबून, बोटाला चांगलाच जोर लागतो. साठीच्या पुढच्या माणसाची बोटं सकाळी आखडलेली असतात. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना मी महिनाभर रबरी चेंडू दाबायला लावला होता. वहिनी म्हणाल्या, "यापेक्षा पुरणपोळ्या लाटते, तोच जोर लागतो." लाटा म्हटलं, पण चेंडूही दाबा.

पुस्तक कचेरीत जाण्याआधी

क्लास फॉर्मच्या आधी का, याचं सगळ्यात सरळ कारण हे आहे. रिन्यूअलसाठी मूळ लायसन्सचं पुस्तक शाखेत जमा झालं की तुमच्या हातात उरते ती पावती. कलम १९ खाली कुठलाही पोलीस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याला लायसन्स दाखवायला सांगू शकतो, आणि ते दाखवता आलं नाही तर शस्त्र जप्त होऊ शकतं. मग हत्यार घेऊन चांदमारीवर जाणार कसं? शिवाय काडतुसं घेताना दुकानदार पुस्तकात नोंद करतो. पुस्तक नसेल तर काडतूसही नाही.

तेव्हा क्लासच्या आधीच ताजी काडतुसं घेऊन ठेवा, तुमच्या पुस्तकात लिहिलेल्या मर्यादेत. घरात पाच वर्षं पडलेली जुनी काडतुसं चांदमारीवर न्यायची असतील तर ती शिकवणाऱ्याला आधी दाखवा. पावसाळ्यात कपाटात ओल धरलेली, हिरवट डाग पडलेली काडतुसं चालवू नयेत. दुकानात विचारून परत करावीत.

आणि काडतूस घेताना फक्त 'बत्तीस बोर' म्हणून थांबू नका. ऑर्डनन्स फॅक्टरीचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर लांब, कडा असलेलं काडतूस खातं, आणि बत्तीसचं पिस्टल आखूड. दोन्हींना बाजारात एकच नाव, पण एकाचं दुसऱ्यात चालवायचं नाही. घरात वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि मुलाचं पिस्टल असेल तर डबे वेगळ्या कप्प्यांत ठेवा आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

जाता जाता पुस्तकात आणखी दोन गोष्टी बघून घ्या. यूआयएन, म्हणजे लायसन्सचा खास ओळख क्रमांक, चढलेला आहे का, आणि शस्त्रं दोनच आहेत का. २०१९ च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आली. अजून कुणाच्या घरी तिसरी बंदूक भिंतीवर टांगलेली असेल, तर तिचा निकाल रिन्यूअलच्या आधी लावायला हवा.

लायसन्सची हद्दही बघा. ग्वाल्हेरातून झाशी शंभर किलोमीटर, धौलपूर त्याहून जवळ. तिकडे ओळखीचा शिकवणारा आहे म्हणून लोक गाडीत हत्यार टाकून निघतात. झाशी उत्तर प्रदेशात आहे आणि धौलपूर राजस्थानात. पुस्तकात हद्द फक्त मध्य प्रदेश लिहिलेली असेल तर राज्याच्या हद्दीपलीकडे तुमचं लायसन्स कामाचं नाही, मग क्लास कितीही चांगला असो. भोपाळ, इंदूर चालेल. प्रवासात हत्यार खाली, पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, पुस्तक खिशात.

क्लासच्या दिवशी

कपडे: बंद गळ्याचा शर्ट, बंद बूट. पिस्टलची गरम पुंगळी उडून कॉलरमध्ये पडली की चांगला शिपाईगडीही नाचतो, आणि हातात भरलेलं हत्यार घेऊन नाचणं परवडणारं नाही. बायकांनी साडी नेसून येऊ नये. पदर, बांगड्या, ओढणी सगळं आड येतं. कानाला लावायचे मफ तिथे असतात, नसतील तर कापसावर भागवू नका, बाजारातून आणा. डोळ्यांवर चष्मा हवाच, नंबर नसला तरी साधा.

शिकवणारा चार गोष्टी पुन्हा पुन्हा सांगेल आणि तुम्हाला कंटाळा येईल. हत्यार नेहमी भरलेलं समजा. नळी कुणाकडे वळवू नका. झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर नको. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते बघा. कोतमध्ये मी अपघातातली हत्यारं तपासली आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या मागे 'मला वाटलं खाली आहे' एवढंच वाक्य होतं.

खाली करणं हे या दिवसाचं खरं शिक्षण. फॅक्टरीचं जुन्या घडणीचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर वेब्ली पद्धतीचं असतं, कडी दाबली की वरून मोडतं आणि काडतुसं आपोआप वर उचलली जातात. ती पडली म्हणून मोकळे होऊ नका. सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा. २०१४ साली निघालेलं हलकं 'निर्भीक' याच घराण्यातलं. पिस्टलचं उलटं आहे. आधी मॅगझीन (काडतुसांचा खोका) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची. क्रम चुकवलात, आधी स्लाइड ओढलीत आणि मग मॅगझीन काढलंत, तर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या घरात, नवं काडतूस चढलेलं असतं आणि हातातलं मॅगझीन बघून तुम्ही समजता की सगळं खाली झालं. घरातले अपघात इथे होतात. शिकवणाऱ्याकडून हा क्रम डमी काडतुसांवर हवा तितका करून घ्या, लाजू नका.

चाप दाबला आणि काडतूस पेटलं नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेटणारी काडतुसं असतात. माणसाची पहिली ऊर्मी असते हत्यार तोंडाजवळ आणून आत डोकवायची. ती ऊर्मी मोडायला क्लास आहे.

रिव्हॉल्व्हर धरताना दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या (काडतुसांच्या फिरत्या घराच्या) पुढच्या फटीजवळ नको. तिथून गरम वायू बाजूला निसटतो आणि चटका बसतो. सिनेमात हातात हात घालून कसं धरतात ते विसरा.

कायद्याचा तास झोपेत घालवू नका. आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात वरातीत हवेत गोळी झाडायची हौस भारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोळी कुणाला लागली नसली तरीही. व्याही आग्रह करायला लागले तर हे कलम २५ त्यांना सांगा, नाहीतर हत्यार घरीच ठेवून लग्नाला जा. मी तर हत्यार घरी ठेवायलाच सांगेन.

निघताना एस-१ प्रमाणपत्र हातात घेऊनच निघा, 'नंतर पाठवतो' यावर राहू नका. नाव लायसन्सच्या पुस्तकातल्यासारखंच लिहिलेलं हवं. आपल्या लोकांचा घोळ इथे हमखास. पुस्तकात वडिलांचं नाव मध्ये, आधारवर नाही. पुस्तकात 'राव' लावलेलं, प्रमाणपत्रावर गळलेलं. हिंदी लिहिणारा बाबू आपली आडनावं स्वतःच्या कानाने लिहितो. तिथेच दुरुस्त करून घ्या, दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद घरी ठेवा.

अट लागू होत नाही असं शाखेने सांगितलं, तरी मी म्हणेन क्लास करा. पाच वर्षं कपाटात पडलेल्या हत्याराची सवय हाताला राहत नाही. सायकलसारखं ते परत जमतं असं नाही. निदान खाली करण्याचा क्रम पुन्हा हातात बसवून घ्या.

वारसाचं लायसन्स

लायसन्सदार सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे येऊन पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या वारसाच्या नावे शस्त्र देण्यासाठी अर्ज करू शकतो. तेव्हा सत्तरीला टेकलेल्या माणसाने रिन्यूअलचा क्लास करण्याआधी घरात विचार करावा, की पुढची पाच वर्षं हे आपल्याला झेपणार आहे की मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करायचं. वारसाचं लायसन्स नवं असतं, म्हणून क्लासची अट त्याला सरळ लागू होते. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरात नोकरीला असेल तर त्याची रजा आणि चांदमारीची तारीख जुळवायलाच दोन महिने जातात. अशा घरी आठ महिने आधी सुरुवात करा. मुलगी तयार असेल तर तिला आधी विचारा. माझ्या बघण्यात मुली नियम जास्त पाळतात.

तारीख निघून गेली तर

मुदत संपली आणि फॉर्म गेलेलाच नाही, तर क्लासच्या मागे धावू नका. ते दुसऱ्या दिवशीचं काम. कलम २१ प्रमाणे, लायसन्सची मुदत संपल्यामुळे ज्याचा ताबा कायदेशीर राहिला नाही ते शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या थान्यात किंवा लायसन्सवाल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. काडतुसांसकट. तिथे नेताना एकटे जाऊ नका, आणि आधी थान्यात फोन करून कळवा की अमुक वेळेला जमा करायला येतोय. मग विलंबाच्या फीसह फॉर्म, मग क्लास. हत्यार जमा असल्यामुळे क्लास शिकवणाऱ्याच्या हत्यारावर करावा लागेल. तारीख ठरवतानाच त्याला तसं सांगा.

फॉर्म वेळेत दिला पण फाइल अडकली आणि मधेच तारीख उलटली, असंही होतं. फॉर्मची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. तारखेच्या आठवडाभर आधी शाखेत लेखी अर्ज द्या, की निर्णय होईपर्यंत शस्त्र कुठे ठेवू, आणि त्यावर आवक नंबर घ्या. लेखी उत्तर आलं नाही तर जमा करणंच शहाणपणाचं. रिन्यूअल नाकारलं गेलं तर कलम १८ खाली अपील करता येतं, त्यासाठी तीस दिवस असतात. आदेशाची प्रत मागून घ्या, कारण तिच्याशिवाय अपील उभं राहत नाही.

जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर मेक, बोर, हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली हवी. नंबर फ्रेमवर खोदलेला असतो. चष्मा लावून तो पावतीशी आणि पुस्तकाशी एकेका आकड्याने ताडून बघा, आणि तीनही ठिकाणी जुळला की मगच सही करा.